अमेरिकेत एवढा पैसा, मग आयुष्य कमी का?

प्रश्न: मुलगा-सून न्यू जर्सीला असतात, मी दोनदा जाऊन आले. एवढी मोठी हॉस्पिटलं, एवढी औषधं, तरी परवा वाचलं की तिथली माणसं जपानपेक्षा कमी जगतात. खरंय का हे? मुलाची काळजी वाटायला लागलीय.
– एक वाचक, सांगली

उत्तर: काकू, खरंय. जपानचं सरासरी आयुर्मान ८४ वर्षांच्या आसपास आहे आणि अमेरिकेचं २०२३ मध्ये ७८.४ होतं, आणि खर्च म्हणाल तर अमेरिका देशाच्या उत्पन्नातला १७ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर घालवते, दुसरा कुठलाच श्रीमंत देश एवढा घालवत नाही.

पण ही सरासरी आहे हे लक्षात घ्या. ऐंशीचे आजोबा दोन वर्षं आधी गेले तर तिला फारसा फरक पडत नाही, पंचविशीतला पोरगा गेला की पन्नासेक वर्षं एकदम वजा होतात, आणि अमेरिकेत नेमकं तेच होतंय. २०२२ या एका वर्षात ड्रग्जच्या ओव्हरडोसने लाखाच्या वर माणसं गेली, बंदुकीने ४८ हजार (त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या), रस्त्यावर ४२ हजार. ड्रग्जचं तर फार वाईट वाटतं, कारण सुरुवात १९९० च्या दशकात डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या पेनकिलर गोळ्यांपासून झाली, गोळ्या मिळेनाशा झाल्या तसे लोक हेरॉइनकडे वळले आणि मग आलं फेंटानिल, ज्याचा कणभर डोस जास्त झाला तरी श्वास थांबतो. शिवाय लठ्ठपणा, दहातली चार मोठी माणसं. आणि इन्शुरन्स नाही म्हणून दुखणं अंगावर काढणारेही खूप.

जपानही आधीपासून असा नव्हता बरं का. मीठ फार खायचे, स्ट्रोकने खूप माणसं जायची. १९६१ पासून सगळ्यांना विमा मिळाला, जेवणातलं मीठ कमी करायला, बीपी तपासायला गावोगाव लोक मागे लागले, आणि स्ट्रोक झपाट्याने कमी झाले.

आता तुमच्या मुलाचं. अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांचं आयुर्मान २०२२ मध्ये ८४ च्या पुढे होतं, म्हणजे जवळपास जपानइतकंच, तेव्हा आकडा वाचून घाबरू नका. फक्त आपल्या लोकांना डायबेटिस आणि हार्टचा त्रास लवकर गाठतो, वजन फार नसलं तरी. पुढच्या फोनवर शुगर आणि कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं ते विचारा, आणि तारीख आठवत नसेल तर त्याच आठवड्यात जाऊन ये म्हणावं.