टाकीची सावली

प्रश्न : ताई, मी सातारची. वय बावन्न, शिक्षण बारावी कॉमर्स. उन्हाळ्यात कुरडया-पापडांच्या ऑर्डरी घेते. रात्री मोबाइलवर कृष्णविवरांचे व्हिडिओ बघते, भारी वाटतं. पण सकाळी कुणाला सांगायला गेले की दोन वाक्यांपुढे गाडी जात नाही. इंजिनिअर मुलगा म्हणतो, "आई, गणिताशिवाय ते नुसतं गोष्टी ऐकणं." गच्चीवर टाकीची सावली चुकवत चादरी सरकवणाऱ्या बाईनं या नादाला लागावं का?

उत्तर : अहो, तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कृष्णविवर राहू दे बाजूला, मलाही ते सकाळपर्यंत टिकत नाही. त्या टाकीबद्दल बोलू.

भर दुपारी तिची सावली कुठल्या अंगाला पडते? वर्षातला बराच काळ उत्तरेला. पण साताऱ्यात १० मेच्या सुमारास ती टाकीच्या बुडाखाली नाहीशी होते आणि पुढे ऑगस्ट लागेपर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. मीटरभर काठी उभी केलीत, तर २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सावली साधारण ८७ सेंटिमीटर, उत्तरेकडे. २१ जूनला जेमतेम १०, दक्षिणेकडे. (जूनमध्ये ऊन मिळालं तर!) दिल्लीवाल्यांची सावली कधीच हरवत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे.

माझी फजिती ऐका. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर पेपरात 'शून्य सावली दिवस' वाचला, पुण्यात तो १३-१४ मेला येतो. बाराच्या ठोक्याला गच्चीत पिठाचा उभा डबा ठेवला. सावली होतीच, बोटभर! पेपरवाल्यांना दोन शब्द सुनावून मी खाली भाकरी टाकायला गेले. सावली गेली ती १२ वाजून ३१ मिनिटांनी. तेव्हा मी तव्यापाशी.

का, ते नंतर शोधलं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, म्हणजे मिर्झापूरजवळचं. सातारा साधारण ७४ वर. फरक साडेआठ अंश, आणि एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं. ऑर्डरीचा हिशेब करता ना? मग करा गुणाकार : ३४ मिनिटं. मुलगा म्हणतो ते गणित इथे एवढंच.

पण थांबा, १० मेला साताऱ्यात सावली १२:३४ ला नाही, १२:३० च्या आसपास जाईल. ही चार मिनिटं कुठे गेली? पृथ्वीचा आस कललेला, कक्षाही पूर्ण गोल नाही, म्हणून सूर्य वर्षभरात कधी घड्याळाच्या पुढे, कधी मागे. हे मला पटकन समजलं असं सांगणार नाही. दोन वर्षं गेली त्यात, आणि ती मजेत गेली.

तर व्हिडिओ जरूर बघा, पण एक वही करा. दर रविवारी साडेबाराला टाकीच्या सावलीच्या टोकाला खडूची खूण, तारीख, लांबी. कुरडयांच्या चादरी तिथेच असणार, वेगळा वेळ काढायला नको.

आणि मुलाला सहज विचारा, घड्याळात बारा वाजले की सूर्य बरोबर डोक्यावर असतो का रे? बघा काय म्हणतो. मला कळवा.