स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर निवृत्तीनंतर राहायला घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातला एक फ्लॅट विकून आलिकान्ते-देनियाच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घ्यावं का? मुलगी नेदरलँड्समध्ये आहे, वर्षातले सहा-सात महिने तिच्या जवळपास राहायचं आहे, आणि पाच लाख युरोंचं घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो असं एजंटाने सांगितलं आहे.

परवान्याचं आधी सांगते, कारण त्यावर तुमचं सगळं गणित उभं आहे. ती योजना ३ एप्रिल २०२५ला बंद झाली. आता स्पेनमध्ये कितीही महाग घर घ्या, त्यापोटी राहण्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि मुलीकडे काढलेले दिवसही त्याच नव्वदात धरले जातात. त्याहून जास्त राहायचं तर नोकरी-धंदा न करता स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांचा वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी एकाचं महिन्याला २,४०० युरो आणि जोडीदाराचे आणखी ६०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं. आणि वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की स्पेन तुम्हाला आपला करदाता मानतं, म्हणजे पुण्यातलं भाडं आणि ठेवींचं व्याजही तिथे दाखवावं लागतं. एजंटाने हे सांगितलं नसेल तर त्याच्या बाकीच्या गोष्टीही तपासून घ्या.

आता घराचं. मी फ्रँकफर्टला राहते. देनियात आमचं छोटं घर आहे, ते २०२१च्या शेवटी घेतलं. पहिल्यांदा तिथे गेलो ऑगस्ट २०१८मध्ये. निळं पाणी, बंदरातून इबिझाला निघालेली बोट, रात्री अकरालाही गजबजलेले रस्ते. मोन्तगो डोंगराच्या उतारावर बाग असलेलं एक घर आम्हाला इतकं आवडलं की परत येताना विमानात आम्ही कर्जाचे हप्ते मांडत होतो. घरमालकांना घाई नव्हती, म्हणून तो व्यवहार लांबला. जानेवारी २०१९मध्ये पाच आठवडे भाड्याने राहायला गेलो तेव्हा तेच घर पुन्हा पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते आणि अख्खी बाग सावलीत होती. मोन्तगो ७५३ मीटर उंच आहे आणि देनिया त्याच्या उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, त्यामुळे त्या उतारावरच्या कित्येक घरांना डिसेंबर-जानेवारीत ऊन मोजकंच मिळतं. डोंगराच्या पलीकडे हाविया आहे, तिथे त्याच वेळी लोक अंगणात ऊन खात बसलेले असतात. ज्या उन्हासाठी आपण घर घेतो तेच ऊन त्या घरात नव्हतं, आणि ऑगस्टमध्ये ते कळायला काही मार्ग नव्हता.

त्या पाच आठवड्यांत आणखी बरंच कळलं. भाड्याचा फ्लॅट समुद्रासमोर, पण उत्तराभिमुख. घरात तेरा-चौदा अंश तापमान, पायाखाली बर्फासारख्या फरशा, कपाटामागे बुरशी. तिथली जुनी किनाऱ्यावरची घरं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बांधलेली आहेत. भिंतींत थंडी अडवणारा थर नाही, घर तापवायची कायमची सोय नाही, आहे ती गॅसची नारिंगी टाकी लावलेली शेगडी. संध्याकाळी आमच्या सहा मजली इमारतीत दोनच खिडक्यांत दिवा दिसायचा. खालचं किराणा दुकान मार्चपर्यंत बंद. माझ्या नवऱ्याला एके रात्री ताप भरला तेव्हा औषधाच्या दुकानासाठी गावात चार किलोमीटर जावं लागलं. तुम्ही साठीच्या पुढचे आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. समुद्रासमोरचं घर नको, गावातलं घ्या. जिथे बाराही महिने माणसं राहतात, चालत बाजार आहे, डॉक्टर आहे. व्हॅलेन्सियाहून येणारी लोकल गांदियालाच संपते. पुढे देनियापर्यंत रेल्वे नाही, बसने यावं लागतं, हेही धरून चला.

पुढच्या जानेवारीत, २०२०मध्ये, आम्ही पुन्हा गेलो आणि ग्लोरिया वादळ आलं. व्हॅलेन्सियासमोरच्या समुद्रात आठ मीटरहून उंच लाटांची नोंद झाली. देनियाच्या उत्तरेला लेस देवेसेस नावाचा वाळूचा पट्टा आहे, तिथे वाळू आधीपासूनच खचते आहे आणि घरं पाण्याच्या अगदी तोंडाशी आहेत. अशा घरांमागे कायद्याचंही भय असतं. १९८८च्या किनारा कायद्याने समुद्रालगतची जमीन सार्वजनिक ठरवली. सरकारने आखलेल्या रेषेच्या आत घर सापडलं तर मालकी जाते आणि ठरावीक वर्षांसाठी वापरायचा हक्क तेवढा उरतो. आपल्याकडच्या किनारपट्टीच्या बांधकाम नियमांपेक्षा, म्हणजे सीआरझेडपेक्षा, हे कडक आहे. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा, घर त्या रेषेपासून किती आत आहे.

माझं माहेर चिपळूण. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आई-बाबा वरच्या मजल्यावर अडकले होते आणि मी इथे फोन लावत बसले होते, तो लागत नव्हता. त्यानंतर मी देनियात तळमजल्याचं एकही घर पाहिलं नाही. त्या किनाऱ्यावर वर्षभर कोरडे पडलेले ओढे असतात, बारांको म्हणतात त्यांना. कोकणातल्या पऱ्यासारखेच, फक्त पाणी क्वचित दिसतं म्हणून लोक त्यांना विसरतात आणि काठावर घरं बांधतात. २९ ऑक्टोबर २०२४ला व्हॅलेन्सियाजवळच्या पायपोर्ता गावात पाऊस जवळजवळ नव्हताच. पाणी वर डोंगरात पडलं आणि ओढ्यातून खाली आलं. त्या दिवशी त्या भागात दोनशेहून जास्त माणसं गेली, कित्येक तळमजल्यांवर आणि तळघरातल्या गॅरेजांत. व्हॅलेन्सिया प्रदेशाचे पूररेषेचे नकाशे, पात्रिकोवा नावाचे, कुणालाही पाहता येतात. घर पसंत पडण्याआधी ते पाहा, पसंत पडल्यावर आपण पाहत नाही.

कागदपत्रांत आपली माणसं तशी हुशार असतात. सातबारा आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक असतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तीच नजर तिथे ठेवा. आपल्या सातबाऱ्यासारखा तिथे नोटा सिंप्ले नावाचा उतारा असतो, दहा युरोंच्या आसपास मिळतो. मालक कोण, कर्जाचा बोजा किती, जप्ती आहे का, सगळं त्यात असतं. आम्हाला पेगो गावाजवळ संत्र्यांच्या बागेतलं १६० चौरस मीटरचं घर पोहण्याच्या तलावासकट दाखवलं होतं. उताऱ्यावर ९० चौरस मीटरचं शेतघर निघालं, तलावाचा पत्ताच नव्हता, आणि जमीन शेतीची. एजंट म्हणाला, इथे सगळ्यांचं असंच असतं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, असेल, पण तुमचं असू नये. अल्मेरियातल्या व्हेरा गावात नगरपालिकेचा परवाना हातात असलेल्या एका वृद्ध इंग्रज जोडप्याचं घर जानेवारी २००८मध्ये पाडलं, कारण प्रादेशिक सरकारने तो परवानाच बेकायदा ठरवला. शेतजमिनीवरच्या घराचा मोह टाळा. तुम्हाला तर आणखी एक अडचण आहे. कार्ताहेनाचा परिसर, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीलगतचा पट्टा, बालेआरिक बेटं अशा भागांत युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला शेतजमीन घ्यायला लष्कराची परवानगी लागते.

वकील स्वतः शोधा, एजंटाने सुचवलेला नको. करार नोतारियोसमोर, म्हणजे दस्त करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्यासमोर, होतो म्हणून बरेच जण वकील करत नाहीत, पण नोतारियो कुणाच्याच बाजूचा नसतो, तो तुमच्यासाठी बांधकामाचे परवाने शोधत बसत नाही. बयाणा साधारण दहा टक्के असतो. नेहमीच्या करारात तुम्ही मागे फिरलात तर तो बुडतो, विकणारा फिरला तर त्याला दुप्पट द्यावा लागतो. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला नक्की घ्या, कारण चालू वर्षाची आणि त्यामागच्या तीन वर्षांची बाकी घराबरोबर तुमच्या गळ्यात येते. गेल्या काही सभांची इतिवृत्तंही मागा. आम्ही ती वाचली म्हणून लिफ्टसाठीची मोठी वर्गणी मंजूर झालेली कळली आणि ती विकणाऱ्याने भरली.

आमचं घर १,३८,००० युरोंना पडलं. त्यावर दहा टक्के हस्तांतरण कर, वकील, नोतारियो आणि नोंदणी धरून जवळपास १८,००० गेले. कराचा दर प्रदेशागणिक वेगळा आहे आणि बदलत असतो. तुम्ही तिथे राहत नसाल आणि घर भाड्याने दिलं नाही तरी दरवर्षी एक कर भरावा लागतो. घराच्या सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के इतकं उत्पन्न मानून त्यावर भारतातल्या मालकाकडून २४ टक्के घेतात. रक्कम मोठी नसते, पण कुणी आठवण करून देत नाही. उरलेले महिने पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च निघेल या आशेवर राहू नका. एप्रिल २०२५पासून नव्याने असं भाडं सुरू करायला सोसायटीच्या पाचातल्या तीन हिश्श्यांची संमती लागते.

भारतातून पैसे नेताना रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. तुम्ही दोघं मिळून पाच लाख. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते, म्हणून फ्लॅटच्या पैशांतून ती वेगळी काढून ठेवा. घर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेत दाखवावं लागतं.

माझं मत विचाराल तर सलग दोन वर्षं जानेवारी महिना देनियात, किंवा तुम्हाला आवडेल त्या गावात, भाड्याने राहा. नव्वद दिवसांत ते सहज बसतं. घर बघायला सकाळी दहाला जा आणि दुपारी चारला पुन्हा जा, दोन्ही वेळा बैठकीत ऊन कुठवर येतं ते पाहा. घेतलंत तर त्याच महिन्यात तिथल्या नोतारियोकडे दोघांचं मृत्युपत्र करा आणि वारसासाठी भारतीय कायदा लागू व्हावा असं त्यात स्पष्ट लिहा. युरोपीय संघाच्या २०१५पासूनच्या नियमाने ती निवड करता येते. ते लिहिलं नाही आणि तोवर तुम्ही तिथलेच रहिवासी झालेले असलात, तर स्पेनचा कायदा लागतो, आणि त्यात दोन तृतीयांश वाटा मुलांसाठी राखीव असतो. एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते घर एकट्याने विकता येत नाही.