ओझोनच्या भोकामुळे पुण्यातलं ऊन जास्त बाधतं का?

तुम्ही लिहिलंय की रोज कात्रजहून हिंजवडीला दुचाकीवर जाता. ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे पुण्याचं ऊन पूर्वीसारखं राहिलं नाही, असं ऑफिसात सगळे म्हणतात आणि तुम्हाला त्वचेच्या कर्करोगाची, मोतीबिंदूची भीती वाटते. स्कार्फ बांधला की पुरे का, हेही विचारलंय.

पुण्यावर ओझोनचं भोक नाही, कधी नव्हतंही. तरी इथलं ऊन खरोखर कडक आहे आणि काळजी घ्यायची तर त्वचेच्याही आधी डोळ्यांची घ्या. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे डोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ते भोक पडतं अंटार्क्टिकावर, दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आणि वर्ष संपेपर्यंत बहुतेक भरून येतं. तिथल्या हिवाळ्यात वरची हवा उणे ७८ अंशांच्याही खाली जाते, तेव्हा विशिष्ट ढग तयार होतात. त्या ढगांवर सीएफसी वायूंमधला (हे वायू पूर्वी फ्रिज, एसी, फवाऱ्यांच्या डब्यांत वापरत) क्लोरीन मोकळा व्हायची तयारी होते आणि वसंतातलं ऊन आलं की तो ओझोन फोडायला लागतो. क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू संपवतो. आपल्या डोक्यावर ती थंडी नाही, ते ढग नाहीत. सूर्याचे अतिनील (यूव्ही) किरण अडवणारा ओझोनचा सगळा थर जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. शास्त्रज्ञ त्याला ३०० डॉब्सन एकक म्हणतात. २२० च्या खाली गेलं की 'भोक'. आपल्याकडे हा आकडा साधारण २५० ते २८० च्या आसपास असतो. तो मुळातच असा आहे, कारण ओझोन तयार होतो मुख्यतः उष्ण कटिबंधावर आणि वरचे वारे तो ध्रुवांकडे घेऊन जातात.

हे मोजण्यात पुण्याचाही वाटा आहे. सिमला ऑफिस म्हणून आपण ज्या चौकाला ओळखतो, तिथल्या हवामान खात्यात १९४८ साली भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी रुजू झाल्या. बाहेरून आणलेल्या उपकरणांवर अवलंबून राहायचं नाही, हा त्यांचा ध्यास होता. पुढे फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजण्याचं भारतीय उपकरण त्यांच्याच पुढाकाराने तयार झालं. त्या चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल? शाळेच्या पुस्तकात हे ठळक यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग ऊन एवढं का लागतं? सूर्याच्या कोनामुळे. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा तो दुपारी ४८ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे भर दुपारची आपली सावली वर्षभरात एकही दिवस आपल्या उंचीपेक्षा लांब होत नाही. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण जोरात असतात, ही साधी खूण लक्षात ठेवा. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या पुढेमागे. एप्रिल-मेमध्ये आकाश निरभ्र असेल तर त्या वेळी यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ११ च्या वर जातो आणि ही जगभर 'अतितीव्र' समजली जाणारी पातळी आहे. थर शाबूत असूनही इतकं. तो विरळ झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

त्वचेबद्दल थोडक्यात. अतिनील-बी (अतिनील किरणांचाच एक प्रकार) किरण पेशींमधल्या डीएनएला इजा करतात, ती दुरुस्त करताना चुका साचत गेल्या की कर्करोगाची शक्यता वाढते. मात्र आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन चांगलं संरक्षण देतं, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांचे आकडे स्वतःला लावून घेऊ नका. अंगावर कोड असेल, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना नक्की विचारा. आणि उन्हाला इतकंही घाबरू नका की हातापायाला ते लागणारच नाही. दिवसभर काचेच्या इमारतीत बसणाऱ्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते.

डोळ्यांना मेलॅनिनचं असं पांघरूण नाही. माझ्याकडे पुरंदरकडचे शेतकरी येतात, अंजीर-सीताफळाच्या बागांत आयुष्य गेलेले. तक्रार असते 'डोळ्यात मांस वाढलंय'. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पाहिलं की पांढऱ्या भागावर नाकाच्या बाजूने एक लालसर, रक्तवाहिन्यांनी भरलेला पापुद्रा बुबुळावर सरकत आलेला दिसतो. टोक बुबुळाच्या मध्याकडे, बूड नाकाकडे. जवळजवळ नेहमी नाकाचीच बाजू, आणि त्याचं कारण विलक्षण आहे: कानशिलाकडून तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या फुगीर पारदर्शक भागातून वळतो आणि पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. त्या एवढ्याशा जागेवर वर्षानुवर्षं मारा होत राहतो. समोरून सावली असली तरी बाजूने येणारं ऊन काम करतच असतं.

मोतीबिंदूचं मूळ कारण वय. मधुमेह, तंबाखू, स्टेरॉइड हेही आहेतच. पण डोळ्यातल्या भिंगाच्या कडेकडून आत सरकणारा जो प्रकार आहे, त्याचा अतिनील-बीशी संबंध पक्का दिसला आहे. अमेरिकेत चेसापीक उपसागरातल्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर पडलेले किरण दुप्पट झाले की या प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो, असं त्यात आढळलं. काठाची टोपी आणि चष्मा वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत पोचणारे किरण बरेच कमी होते.

आता तुमचा स्कार्फ. तो हवाच, घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा असेल तर जास्त चांगला. पातळ, फिक्या ओढणीतून बरेच किरण आत येतात. पण नेमके डोळे उघडे राहतात. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच पारदर्शक असली तरी अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवते, आणि चेहऱ्याला बाजूनेही झाकते. त्यामुळे काच खाली करून गाडी चालवणं हा तुमच्यासाठी सर्वांत सोपा उपाय. ओरखडे पडले की ती बदला, नाहीतर संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. गॉगल घेताना काळेपणावर जाऊ नका. रंग गडद असणं आणि अतिनील अडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवणारी नसेल तर उलट जास्त किरण आत जातात. 'यूव्ही ४००', म्हणजे अतिनील किरण पूर्ण अडवणारी काच, मागा. बऱ्याच चष्म्यांच्या दुकानांत काच तपासायचं छोटं यंत्र असतं, समोर तपासून दाखवा म्हणा. बाजूने झाकणारी फ्रेम घ्या.

थर वाचला तो आपोआप नाही. रोलंड आणि मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सीएफसींचा धोका सांगितला, फार्मन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची घट जगासमोर आणली आणि १६ सप्टेंबर १९८७ ला असे वायू थांबवण्याचा माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली आला, आणि दम्याच्या पंपांसारखे अपवाद वगळता २००८ मध्ये आपण सीएफसी थांबवले. हे असंच चालू राहिलं तर अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा अंदाज आहे. घरी जुना आर-२२ वर (हाही ओझोनला इजा करणारा वायू) चालणारा एसी असेल तर दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेऊ नका, आधी गळती शोधायला लावा. आणि काढलेला गॅस गच्चीवर मोकळा सोडू देऊ नका.

एक ओझोन मात्र पुण्यात तुमच्या नाकाशी असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोलची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो किरण अडवण्याच्या कामाचा नाही, श्वासनलिकेला चुरचुरवतो, खोकला आणतो, दमा उसळवतो. दुपारी तो सर्वांत जास्त असतो, पहाटे सर्वांत कमी. गंमत म्हणजे सिग्नलवर ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो, त्यामुळे गर्दीच्या चौकापेक्षा शहराच्या कडेला तो अधिक सापडू शकतो. स्कार्फने धूळ अडते, हा वायू अडत नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' सेवेत पुण्याच्या हवेचे आकडे मिळतात, घरात कुणाला दमा असेल तर मार्च ते मे ते पाहत जा. तळजाई किंवा हनुमान टेकडीवर पळायला जात असाल तर त्या महिन्यांत सकाळीच जा. आणि खोलीतली हवा शुद्ध करतो म्हणून विकलं जाणारं ओझोन सोडणारं यंत्र घरात आणू नका.

तुम्ही वय लिहिलेलं नाही. चाळिशी ओलांडली असेल, किंवा घरात मधुमेह असेल, तर बाहुली मोठी करून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. त्या दिवशी गाडी चालवत येऊ नका, औषधामुळे काही तास उजेड सहन होत नाही.