पाच फेरे आवळलेली स्प्रिंग

माउंटन सायकलच्या मागच्या सस्पेन्शनवर (चाकाचे धक्के झेलणारी स्प्रिंग आणि शॉकची जोडणी) इतकी पत्रं आली आहेत की ब्रेकवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल.

प्रश्न : माझ्या डाउनहिल बाइकला मागे २०० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याचं अंतर) आहे, शॉकचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर) ७५ मिमी आणि स्प्रिंग ४००ची. हेल्मेट, पॅड, पाणी धरून माझं वजन ९५ किलो. सॅग (नुसत्या वजनाने शॉक जेवढा बसतो तो) ३५ टक्के येत होता, म्हणून प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) कॉलर पाच फेरे आवळली. आता सॅग बरोब्बर ३० टक्के. तरी बारीक दगडांवर मागचं चाक ठणठण उडतं आणि मोठ्या उडीनंतर शॉक धाडकन तळाला लागतो. कॉम्प्रेशन (दबताना शॉकचा होणारा विरोध) नॉबने चार क्लिक वाढवलं, तर ठणठण आणखी वाढली. शॉक गेलाय का?

उत्तर : तुमच्या आकड्यांवरून तरी शॉकचा दोष दिसत नाही, स्प्रिंग हलकी पडते आहे. आकडे लिहून पाठवलेत त्याबद्दल आभार. एरवी ‘मागून कडक लागतं’ एवढ्या एका ओळीवर मला निदान करावं लागतं.

कॉलर आवळून स्प्रिंग कडक होत नाही. ४०० म्हणजे ती एक इंच दाबायला ४०० पाउंड जोर लागतो. कॉलर कितीही फिरवा, पुढच्या प्रत्येक इंचाला ती तेवढाच जोर मागणार. आवळल्याने फक्त सुरुवातीचा अडसर वाढतो. एका फेऱ्याला एक मिमी धरू (आट्यांचं अंतर शॉकप्रमाणे बदलतं, तुमचं मोजून घ्या). पाच फेऱ्यांनी स्प्रिंग पाच मिमी दाबून ठेवलीत, म्हणजे शॉक हलायच्या आधीच साधारण ७९ पाउंड, ३५ किलोच्या आसपास, जोर तिथे अडून बसलाय. बाइकवर नुसतं उभं राहिलात तर बोजा त्याहून बराच जास्त असतो, म्हणून सॅग मोजताना हा अडसर जाणवत नाही. उतारावर मात्र मागचं चाक क्षणाक्षणाला हलकं होतं, शॉक पूर्ण उघडतो, आणि पुढचा दगड आला की त्या ३५ किलोंवर आपटतो. तुमची ठणठण ती हीच.

शेवटाकडेही हाच घोटाळा. मोठ्या उडीनंतर शॉकला तळाशी जो जोर हवा, तो हलक्या स्प्रिंगकडे नाही. प्रीलोडने तिथे थोडी भर पडते, पण पुरेशी नाही.

आता हिशेब. सॅगला तुमचा शॉक ७५ मिमीच्या ३० टक्के, म्हणजे २२.५ मिमी बसतो. त्यात प्रीलोडचे ५ मिमी मिळवा. स्प्रिंग एकूण २७.५ मिमी दबलेली आहे. २७.५ गुणिले ४०० बरोबर ११,०००. हाच बोजा एका फेऱ्याच्या प्रीलोडवर पेलायचा, तर ११,००० भागिले २३.५ (२२.५ अधिक १), म्हणजे ४६८. बाजारात ४५० आणि ४७५ मिळतात. ४५०वर सॅग ३१ टक्क्यांच्या आसपास येईल, ४७५वर ३० च्या किंचित खाली. तुम्ही तळाला लागताय, म्हणून मी ४७५ घेईन. तळाशी तिचा जोर आत्ताच्या जोडणीपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त असेल आणि सुरुवातीचा अडसर पावपटीवर येईल.

स्प्रिंग घेताना नुसता आकडा बघून घेऊ नका. तिचा आतला व्यास तुमच्या शॉकला बसायला हवा आणि ती ७५ मिमीपेक्षा थोडी जास्त दबू शकायला हवी. नाहीतर शॉक तळाला जाण्याआधी वेटोळीच एकमेकींवर बसतात आणि तो धक्का सरळ फ्रेममध्ये जातो. पाच फेरे आवळलेल्या स्प्रिंगच्या बाबतीत हा धोका आत्ताही आहे, म्हणून नवी येईपर्यंत मोठ्या उड्या राहू द्या.

प्रीलोड एक फेरा, फार तर दोन. स्प्रिंग हाताने खुळखुळणार नाही इतपत. कॉम्प्रेशनचे ते चार क्लिक आजच परत घ्या. नवी स्प्रिंग जास्त जोराने परत फेकेल, तेव्हा रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) दोनेक क्लिक हळू करूनच पहिली राइड करा.

सॅग बसून मोजलात की उभं राहून, ते लिहिलेलं नाही. डाउनहिलला उभ्यानेच मोजायचा : दोन्ही पेडल एका पातळीत, कोपर वाकवलेले, नजर पुढे, अंगात सगळं सामान. कॉम्प्रेशन पूर्ण उघडं ठेवा, दोन-तीनदा दाबून मग स्थिर राहा. कॉइल शॉकला (तुमच्यासारख्या, धातूच्या स्प्रिंगच्या) बहुधा ओ-रिंग नसते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तरी शॉकच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोजायला लावा, एकदा बाइक रिकामी असताना, एकदा तुम्ही वर असताना. दोन्हींतला फरक हा तुमचा सॅग. स्वतः वाकून बघायला गेलात की वजन पुढे जातं आणि आकडा खोटा येतो.

प्रश्न : माझा मित्र माझ्याच वजनाचा, त्याची बाइकही तीच. त्याचं रिबाउंड बंदपासून सात क्लिक आहे. मीही सात ठेवलं, पण उडीच्या तोंडाशी मागचं चाक मला वर फेकतं आणि बाइक नाकावर जाते. तो म्हणतो माझं तंत्र चुकतंय.

उत्तर : तंत्र चुकत असेलही, पत्रातून ते मला दिसत नाही. पण मित्राचे क्लिक उसने घेऊ नका. त्याची स्प्रिंग वेगळी असेल, तेल जुनं असेल, आणि दोन शॉकचा सातवा क्लिक कधीकधी सारखा नसतोही.

नॉब घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण बंद करा (हळुवार, तो पाना नव्हे), तिथून क्लिक मोजा आणि कागदावर लिहा. कंपनीच्या तक्त्यातला तुमच्या स्प्रिंगसमोरचा आकडा ही सुरुवात. मग एक छोटा तुकडा निवडा, अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, ज्यात मुळं किंवा दगडांची रांग आहे आणि शेवटी एक उडी. तोच तुकडा, तोच वेग, आणि दर वेळी फक्त रिबाउंड बदलायचं, दोन-दोन क्लिकने.

हळू करत गेलात की उडीवरचं फेकणं कमी होईल. एका टप्प्यावर दगडांच्या रांगेत मागचा भाग खाली खाली बसत जाईल, कारण एका दगडातून सावरायच्या आत दुसरा येतो. राइडर याला ‘कडक’ म्हणतात आणि कॉम्प्रेशन कमी करायला धावतात. शॉक तेव्हा खोल अडकलेला असतो, त्याला वर यायला वेळच मिळत नाही. तिथून दोन क्लिक परत फिरा. ज्यांच्या शॉकला जलद आणि मंद रिबाउंडचे वेगळे नॉब आहेत, त्यांनी दगडांच्या रांगेसाठी जलद आणि उडीच्या तोंडासाठी मंद नॉबला हात लावावा.

तुमच्या बाबतीत मी एक गोष्ट आधी बघेन : पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन). तो फार मऊ किंवा फार हळू असेल तर उडीच्या तोंडाशी पुढचं टोक खालीच राहतं आणि सगळा दोष मागच्या शॉकवर येतो. सपाटीवर पेडलवर उभे राहा, दोन्ही टोकं एकदम दाबा आणि सोडा. एक टोक आधी वर आलं तर तिथून सुरुवात करा. आणि हे सगळं शॉक तापल्यावर. लांब उतारावर तेल पातळ होतं आणि थंडपणी योग्य वाटलेलं रिबाउंड खाली पोचेपर्यंत जलद झालेलं असतं.

प्रश्न : एअर शॉकमध्ये (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या) १८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून पंप काढला की फुस्स करून हवा जाते. परत पंप लावला की काटा १८० च्या खाली. व्हॉल्व्ह बदलू का?

उत्तर : बदलू नका. फुस्स होते ती पंपाच्या नळीतली हवा. परत पंप लावताना रिकामी नळी शॉकमधूनच भरते, म्हणून काटा खाली दिसतो. पंप न काढता भरा आणि प्रत्येक ५० पीएसआयनंतर शॉक थोडा थोडा दहाएक वेळा दाबा, म्हणजे मागच्या बाजूच्या छोट्या कप्प्यातही हवा पोचते. हे टाळलंत तर सॅग राइड करता करता बदलतो. सकाळी १० अंशांना भरलेले १८० पीएसआय दुपारी शॉक ३० अंशांवर गेला की सुमारे १९४ होतात, त्यामुळे थंड देशातल्या राइडरच्या सल्ल्यावर दुपारी मान डोलवू नका.

प्रश्न : सॅग, रिबाउंड सगळं जमलं, पण सीट धरून मागचं टोक उचललं की ‘टक’ असा आवाज येतो.

उत्तर : नॉबला हात लावू नका. आधी मागचा ॲक्सल आणि सीटपोस्टचा क्लॅम्प बघा, निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. नसेल तर शॉकच्या दोन्ही टोकांवर, जिथे तो फ्रेमला जोडलेला आहे, एकेक बोट ठेवा आणि कुणाला तरी सीट हळू उचलायला सांगा. बोटाला ठोका लागला तर बुशिंग (बोल्टाभोवतीची नळी) झिजलंय. तिथे काहीच लागलं नाही तर शॉक काढून ठेवा आणि फ्रेमचा मागचा त्रिकोण हाताने वर-खाली करा. खरखर किंवा अडकणं जाणवलं तर लिंकेजचं (त्या त्रिकोणाच्या सांध्यांचं) बेअरिंग गेलंय. परत जोडताना टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) वापरा आणि आकडा फ्रेमच्या पुस्तिकेतून घ्या.