एआय एजंटसाठी सर्व्हर नोंदणीच्या टूलचं डॉक्युमेंटेशन कुठे आणि कसं लिहावं?

महत्त्वाचं सगळं टूलच्या वर्णनातच लिहा, वेगळ्या मॅन्युअलमध्ये नको. एमसीपीसारख्या (एजंटला टूल्स जोडून देण्याचा एक प्रमाणित प्रोटोकॉल) पद्धतीत एजंटसमोर टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (इनपुट कोणत्या रूपात हवं याचा आराखडा) येतो. तुमचं विकीचं पान तो आपणहून उघडेलच असं नाही. सर्वांत जास्त शब्द एकाच गोष्टीवर खर्च करा: तोच सर्व्हर दुसऱ्यांदा नोंदवला तर काय होतं? टाइमआउट आला, म्हणजे वेळेत उत्तर मिळालं नाही, की पहिली नोंद झालेली असली तरी एजंट पुन्हा प्रयत्न करतो आणि एका होस्टनेमच्या (सर्व्हरच्या नावाच्या) दोन नोंदी होऊन बसतात (हा घोळ निस्तरणं कंटाळवाणं असतं). एररही नेमकी हवी: ‘चुकीचं इनपुट’ नव्हे, तर ‘पोर्ट १ ते ६५५३५ मधला द्या’. मात्र ‘मंजुरीशिवाय नोंदवू नये’ हे नुसतं वर्णनात लिहून भागत नाही. ती अट कोडमध्येच तपासा.