क्लबच्या स्पर्धांपुरती १० मीटर एअर रायफल स्वस्तात कशी तयार करावी?
साध्या स्प्रिंगच्या बंदुकीवर सुटे भाग चढवत बसू नका, वापरलेली, ४.५ मिमीची पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच म्हणजे स्पर्धेची रायफल घ्या. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून सुटायच्या आधीच पिस्टनचा धक्का बसतो, आणि १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! उरलेले पैसे बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) नि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) अंगाला बसवून घेण्यात घाला. चपट्या तोंडाचे दोन-तीन प्रकारचे छर्रे आणा, रायफल टेबलावर टेकवून पाच-पाच मारून पाहा. कोणते एकाच भोकात जातात ते नळीच सांगते. मात्र सिलिंडरवरची तारीख वाचल्याशिवाय सौदा नको: मुदत साधारण १० वर्षांची असते, उलटली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च धरून भाव पाडा.