काउंटडाउन थांबतं तेव्हा : श्रीहरिकोट्याविषयी वाचकांचे प्रश्न

श्रीहरिकोट्यात, म्हणजे इस्रोच्या उड्डाणतळावर, रॉकेटचे भाग फक्त जोडतात, की तिथे काही तयारही होतं? (वाचक, सांगली)

तयारही होतं, आणि त्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. एलव्हीएम-3 या इस्रोच्या अवजड रॉकेटच्या दोन बाजूंना एस-200 बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी घन इंधनाची रॉकेटं, असतात. त्यांची पोलादी कवचं बाहेरून येतात. काही इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, काही मुंबईत पवईला घडतात. पण ती येतात रिकामी. त्यांत इंधन भरलं जातं ते श्रीहरिकोट्यातच.

अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि एचटीपीबी नावाचं रबरासारखं बंधक यांचं दाट मिश्रण कवचात ओततात. मधोमध एक साचा उभा असतो. मिश्रण उबेत घट्ट झालं की साचा ओढून काढतात आणि आरपार पोकळी राहते. मग प्रत्येक खंडाची क्ष-किरण तपासणी होते. आत भेग किंवा हवेचा बुडबुडा राहून गेला, तर ज्वाला तिथे पोचताच जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकतं. एका बूस्टरमध्ये असे तीन खंड, साधारण 27, 97 आणि 82 टनांचे. एवढं वजन रस्त्याने लांबवर नेण्यापेक्षा कारखाना पॅडजवळ असलेलाच बरा.

दोन लाँचपॅड आहेत. त्यांत फरक काय? (वाचक, नांदेड)

पहिल्या पॅडवर पीएसएलव्ही हे इस्रोचं रॉकेट मूळ पद्धतीत जागेवरच उभं करतात. भोवती रुळांवर चालणारा उंच मनोरा असतो. उड्डाणाआधी तो मागे सरतो. 2023 पासून खालचे टप्पे वेगळ्या इमारतीत आधी जोडून आणण्याचीही सोय झाली, त्यामुळे पॅड अडकून पडत नाही. 2005 पासून वापरात असलेल्या दुसऱ्या पॅडसाठी रॉकेट बंद इमारतीत एका फिरत्या बैठकीवर उभारतात आणि सुमारे एक किलोमीटर रुळांवरून पॅडवर नेतात. बिघाड निघाला तर त्याच रुळांवरून परत आणता येतं. ही सोय किती मोलाची, ते पुढच्या उत्तरात दिसेल.

सगळं तयार असताना काउंटडाउन का थांबवतात? भरलेल्या इंधनाचं काय करतात? (वाचक, कोल्हापूर)

शेवटच्या मिनिटांत सूत्रं संगणकाकडे असतात. दाब, तापमान, झडपांची स्थिती यांची तो सतत पडताळणी करतो आणि एखादं मूल्य मर्यादेबाहेर गेलं की कुणाला न विचारता थांबतो. 21 ऑक्टोबर 2023 ला गगनयानाच्या, म्हणजे माणसाला अंतराळात नेण्याच्या मोहिमेच्या, चाचणीयानाचं काउंटडाउन असंच 5 सेकंद उरले असताना थांबलं. कारण सापडलं, दुरुस्ती झाली आणि त्याच सकाळी 10 वाजता यान उडालं. आमच्या मते असं थांबणं म्हणजे यंत्रणेने काम चोख केल्याची पावती आहे.

द्रवरूप हायड्रोजन भरलेला असेल, तर मात्र प्रकरण लांबतं. तो उणे 253 अंशांवर असतो. त्या थंडीत हवा आणि नायट्रोजनसुद्धा गोठून घट्ट होतात; नळीत थोडी जरी हवा राहिली तरी तिचे खडे झडपेत अडकतात. म्हणून नळ्या आधी हेलियमने धुऊन काढतात, कारण हेलियम तिथेही वायूच राहतो. मग हळूहळू थंड करतात आणि त्यानंतरच इंधन सोडतात. उड्डाण रद्द झालं की उलटा क्रम : टाक्या रिकाम्या करायच्या, नळ्या पुन्हा हेलियमने धुवायच्या, सगळं ऊबेवर येऊ द्यायचं.

यूएच-25 हे द्रव इंधन आणि ते जाळायला लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही जोडी सामान्य तापमानाला टिकते, पण दोन्ही विषारी, आणि एकमेकांना भिडताच पेटतात. तिथे काम करणारे अंगभर बंद पोशाखात, वेगळ्या हवेवर श्वास घेत असतात. 19 ऑगस्ट 2013 ला जीएसएलव्ही-डी5 या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातून यूएच-25 गळू लागलं, तेव्हा उड्डाणाला 1 तास 14 मिनिटं उरली होती. टाक्या रिकाम्या केल्या, रॉकेट रुळांवरून माघारी नेलं, दुसरा टप्पाच बदलला. 5 जानेवारी 2014 ला ते यशस्वीपणे उडालं.

पावसात उड्डाण होतं का? (वाचक, रत्नागिरी)

नुसत्या पावसाने अडत नाही. खरी भीती विजेची आणि उंचावरच्या वाऱ्याची. उड्डाणाआधी ठरावीक अंतराने फुगे सोडून वाऱ्याचा वेग मोजतात आणि रॉकेटच्या वळण्याचा कार्यक्रम त्याप्रमाणे जुळवतात, म्हणजे सांगाड्यावर आडवा ताण कमी येतो. वेळ पुढे ढकलण्यामागे आणखी एक कारण असतं : अंतराळातला कचरा. टक्कर टाळायला चांद्रयान-3 चं उड्डाण 4 सेकंद पुढे नेलं होतं.

प्रत्यक्ष पाहायला जाता येतं का? (वाचक, पुणे)

येतं. प्रेक्षक सज्जा 2019 मध्ये खुली झाली. तारीख जाहीर झाल्यावर इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी उघडते. जागा लवकर भरतात. मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. जवळचं रेल्वे स्थानक सुळ्ळूरपेटा, चेन्नईच्या उत्तरेला. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, उड्डाण पुढे जाऊ शकतं. आणि ज्वाला दिसली की मनात सेकंद मोजायला लागा. आवाज पोचेपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा, म्हणजे तुम्ही पॅडपासून किती लांब उभे आहात ते कळेल.